भिंतीवरील ओलीचे मूळ

लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसल्यास काय करावे, ह्याचा नियम सांगितला आहे. याजकाने चट्टा पाहून घर ७ दिवस बंद ठेवावे, सातव्या दिवशी तो पसरला की काय हे पुन्हा पाहावे, आणि पसरला असल्यासच तेथील दगड काढवावे. आधी पाहणे व मग करणे, असा हा क्रम आहे.

आपल्या गावांत बहुधा ह्याच्या उलट घडते. ओल दिसली की गिलावा करितात. पुढील पावसाळ्यात पोपडे निघतात व मजुरी व्यर्थ जाते. भिंत मातीची असल्यास हानि पैशापुरती राहत नाही. पायथा भिजून मऊ झाला म्हणजे भिंत निजलेल्या मुलाबाळांवर पडण्याचे भय असते. ह्यास्तव प्रथम कोळशाने डागाच्या कडेने रेघ ओढावी, तारीख लिहावी, आणि डाग कोठे आहे व केव्हा वाढतो हे पाहत जावे.

१. पायथ्याशी. वातीत तेल चढते तद्वत जमिनीतील ओल भिंतीत चढते. ती बहुधा ३ फुटांच्या आत थांबते, व तिच्या वरच्या कडेस पांढरा लोणा फुटतो. अंगण भरत जाऊन जोत्याच्या वर आले आहे काय, भिंतीस मातीचा ढीग टेकला आहे काय, पागोळ्यांचे पाणी पायाशी साचते काय, हे पाहावे. माती काढून पाण्यास उताराची वाट द्यावी. अशा मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीस सिमेंट लावू नये. ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होऊन ती अधिक वर चढते.

२. आढ्याकडे. पाऊस पडताच डाग वाढतो, तर दोष छपराचा होय. परंतु फुटके कौल डागाच्या नेमके वर असेलच असे नाही. पाणी वाशावरून वाहत येऊन दूर ठिबकते. म्हणून डागापासून चढाच्या दिशेने शोधीत जावे.

३. वाऱ्याच्या बाजूस. झडीच्या पावसातच भिंत भिजते, तर तिच्या भेगा व खिडकीच्या कडा तपासाव्या.

४. मोरीजवळ. भर उन्हाळ्यातही डाग ओलाच राहतो, तर मोरी किंवा नळ गळत असेल. दोन दिवस मोरी कोरडी ठेवून फरक पाहावा. सर्व तोट्या बंद असता पाण्याचे मीटर फिरत असेल, तर नळ फुटला आहे.

५. कोंदट कोपऱ्यात. चुलीची वाफ थंड भिंतीवर जमून काळी बुरशी येते. डागावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवून एक दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब बाहेरच्या अंगास आले तर ओल हवेतली. आतल्या अंगास आले तर भिंतीतली. हवेतल्या ओलीस खिडकी उघडी ठेवणे हाच स्वस्त उपाय आहे.

कधी दोन कारणे एकत्र असतात. शिवाय मूळ बंद केल्यावरही जाड भिंत सुकण्यास कित्येक महिने लागतात, आणि उरलेला लोणा दमट हवेत पाणी ओढितो. तो कोरड्या कुंचल्याने झाडून काढावा. डाग कोळशाच्या रेघेच्या आत मागे सरू लागला म्हणजे मूळ सापडले असे समजावे. त्यानंतर गिलावा करावा.

अभ्यासाकरिता प्रश्न
१. उन्हाळ्यातही न सुकणारी ओल कशाचे चिन्ह आहे?
२. फुटके कौल डागाच्या वर न शोधता चढाकडे का शोधावे?
३. आपल्या घराचे अंगण जोत्याहून किती खाली आहे, हे मोजून पाहा.