वणवा आणि पाऊस यांच्यामधले दिवस

या तिमाहीचा अभ्यास
शास्त्रवाचन: निर्गम 22:6, नहेम्या 3, मत्तय 7:24-27



31 ऑगस्ट 2021 ची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आदल्या रात्री कन्नडच्या डोंगरात मुसळधार पाऊस झाला. औट्रम घाटात, म्हणजे आपण ज्याला कन्नड घाट म्हणतो तिथे, ठिकठिकाणी दरडी कोसळून रस्ता बंद पडला. डोंगराचे पाणी तितूर आणि डोंगरी या नद्यांतून चाळीसगाव शहरात व आसपासच्या गावांत शिरले. शेकडो जनावरे गेली. उस्मानपुऱ्यात आम्ही त्या आठवड्यात घरोघर फिरून चादरी, भांडी आणि धान्य गोळा केले आणि रस्ता मिळेल तसे वाटायला निघालो.

डोंगराच्या पायथ्याच्या एका भिल्ल वस्तीवर वाटप झाल्यावर एक आजी चादरीची घडी मांडीवर ठेवत म्हणाली, "सर, पूर आला की तुम्ही सगळे येता. उन्हाळ्यात डोंगर जळतो तवा कोणीच येत नाही."

मी मान हलवली आणि पुढच्या घराकडे वळलो. वणवा उन्हाळ्यातला, पूर पावसाळ्यातला. दोन्हींचा संबंध काय, हे मला तेव्हा समजले नाही. त्या रात्रीचा पूर वणव्यामुळे आला असे मी आजही म्हणत नाही. तो पाऊसच तसा होता. पण आजीचे म्हणणे खरे होते, आणि ते समजायला मला पुढचा उन्हाळा लागला. हा पाठ तिच्या त्या एका वाक्यावर आहे.

डोंगर जळतो तेव्हा काय होते

गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झाले. आपल्या जिल्ह्यातील कन्नड आणि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव या तालुक्यांच्या डोंगरांवर ते पसरले आहे. हे पानझडीचे जंगल. माघ-फाल्गुनात पाने गळतात, गवत वाळते आणि एका ठिणगीने अख्खा उतार पेट घेतो. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत हा वणव्याचा हंगाम असतो.

चांगल्या जंगलात पावसाचा थेंब आधी पानावर पडतो, मग गवतावर, मग पाचोळ्यावर. जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. पाचोळा ते पाणी स्पंजासारखे धरून ठेवतो आणि मुळांच्या वाटांनी ते हळूहळू खाली मुरते. वणव्यात गवत व पाचोळा दोन्ही जातात. उघड्या मातीवर थेंब हातोडीसारखा आपटतो. सुटलेली बारीक माती आणि राख जमिनीची छिद्रे बुजवतात. आग फार तापलेली असेल तर जळालेल्या पाल्यातील मेणासारखे पदार्थ मातीत उतरून थिजतात आणि त्या थरातून पाणी खाली जातच नाही. आपल्याकडची गवताची आग बहुधा झटकन पुढे सरकते, त्यामुळे असा थर दरवेळी होत नाही. पण आपल्या काळ्या कातळावर माती मुळातच वीतभर. तिच्यावरचे पांघरूण गेले की पाणी मुरण्याऐवजी पळते, आणि पळताना माती, राख, दगड, अर्धवट जळालेली लाकडे बरोबर घेते.

म्हणून सर्वांत मोठा धोका मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसांचा. श्रावणापर्यंत गवत पुन्हा उगवते, डोंगर हिरवा दिसतो आणि आपण विसरतो. पण तोच उतार दरवर्षी जळत राहिला तर रोपे मोठी होत नाहीत, पाचोळ्याची माती बनत नाही आणि वाहून आलेल्या गाळाने खालचे ओढे उथळ होतात. मग ऑगस्टच्या पावसालाही ओढ्याच्या पात्रात जागा उरत नाही.

दूरच्या दोन गोष्टी

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डिसेंबर 2017 मध्ये थॉमस नावाने ओळखला गेलेला प्रचंड वणवा लागला. तो पूर्ण आटोक्यात आल्याचे जाहीर होण्याआधीच, 9 जानेवारी 2018 च्या पहाटे, जळालेल्या डोंगरावर जोराचा पाऊस पडला. मॉन्टेसिटो गावावर चिखल आणि मोठमोठ्या शिळा आल्या. 23 माणसे गेली.

दुसरी गोष्ट न्यू मेक्सिको राज्यातील सांता क्लारा पुएब्लो या आदिवासी समाजाची. जून 2011 मध्ये लास कोंचास येथे वणवा पेटला. तो पेटला त्यांच्या हद्दीबाहेर, पण त्यांच्या पूर्वजांची दरी त्यात जळाली. त्याच पावसाळ्यात पूर आले आणि पुढेही पुन्हा पुन्हा येत राहिले. ते लोक दरी सोडून गेले नाहीत. लाकडाचे ओंडके व दगड ओहोळांत आडवे रचून, झाडे लावून ते आपली दरी पुन्हा उभी करत आहेत.

तिथे सरकारी वनजमिनीवर मोठी आग लागली की माती आणि पाण्याचे जाणकार लगेच पाहणी करतात. कोणता उतार किती जळाला याचा नकाशा करतात, पेंढा पसरतात, ओंडके आडवे टाकतात आणि खालच्या वस्त्यांना सावध करतात. हे सारे पुढचा पाऊस येण्याआधी. आपल्याकडे एवढी यंत्रसामग्री नसेल, पण वणवा आणि पाऊस यांच्यामधले दिवस आपल्यालाही मिळतात. एप्रिलमध्ये डोंगर जळाला तर सात-आठ आठवडे हाताशी असतात.

आम्ही काय केले, आणि कुठे चुकलो

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीच्या वरचा उतार जळाल्याचा निरोप आला आणि या वेळी आम्ही गेलो. वस्तीतील जाणत्यांबरोबर आणि वनरक्षकाबरोबर वणव्याची हद्द पायी फिरलो. कोणत्या घळीचे पाणी कोणाच्या अंगणात येते हे आम्हाला कोणत्याही कागदावरून कळले नसते. आजीने ते काठीने मातीत काढून दाखवले.

अभयारण्याच्या आत आपल्या मनाने एक दगडही हलवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून वरच्या कामासाठी ग्रामपंचायतीमार्फत वनविभागाकडे लेखी मागणी दिली, आणि हद्दीच्या खाली, गावाच्या व लोकांच्या जमिनीवर, स्वतः हात घातला. लहान घळींत अनघड दगडी बांध घातले. जिथे दगड कमी तिथे कापसाच्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधून, खुंट्या ठोकून आडव्या टाकल्या. उतारावर समतल चर खणले. रस्त्याखालची पाइपची मोरी गाळाने अर्धी बुजली होती, ती उपसली.

चूक माझी झाली. एक बांध मी हट्टाने वरून सपाट रचून घेतला. दिसायला तो सर्वांत सुबक होता. वस्तीतला एक तरुण म्हणत होता, "सर, मधे खोलगट ठेवा." मी ऐकले नाही. जूनच्या एका रात्री पाऊस झाला तेव्हा पाणी बांधाच्या कडेने काठ कापून निघाले आणि खालच्या एका घरात गुडघाभर चिखल झाला. माणसे आधीच वरच्या अंगाला गेली होती म्हणून जीव वाचले. त्या घरातली ज्वारी गेली. बाकीचे बांध टिकले, त्यांच्यामागे काळा गाळ साठला होता. तेव्हापासून बांधाचा मधला भाग कडेपेक्षा खाली ठेवतो आणि दोन्ही टोके काठात खोल घुसवतो. ज्वारी आम्ही भरून दिली. पण ज्याचे घर खाली आहे त्याचे आधी ऐकावे, हा धडा मला महाग पडला. खरे तर त्या घराला जास्त महाग पडला.

आग कोणी लावली?

शहरात बसून आपण पटकन म्हणतो, आदिवासीच जंगल जाळतात. काही वणवे मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळताना पसरतात, काही नवे गवत चांगले फुटावे म्हणून लावलेल्या आगीतून, हे खरे. पण फेकलेली विडी, घाटात थांबलेल्या गाडीतून पडलेली सिगारेट, सहलीची न विझवलेली चूल यांनीही डोंगर पेटतात. आमच्या तरुण संघाच्या एका जुन्या सहलीत डोंगराच्या पायथ्याशी आम्ही तीन दगडांची चूल मांडली होती. निघताना तिच्यावर माती लोटली. निखारे विझले का, हे कोणी पाहिले नाही. मीही नाही.

निर्गमच्या 22 व्या अध्यायात देवाने दिलेला नियम साधा आहे. कोणी पेटवलेली आग काटेरी झुडपांना लागून दुसऱ्याच्या शेतापर्यंत गेली, तर ज्याने ती पेटवली त्याने भरपाई द्यावी. तिथे हेतू विचारलेला नाही. आपल्या कायद्यातही भारतीय वन अधिनियम 1927 आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 यांनुसार राखीव वनात व अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे. म्हणून मोहाच्या झाडाखाली पाला जाळण्याऐवजी झाडून काढावा, जुनी लुगडी अंथरावीत, हे वस्तीत सांगताना आपल्या सहलीची चूलही आठवावी.

जमीन सरकारची, ओढा कोणाचा?

वन हक्क कायदा 2006 पुष्कळांना फक्त सातबाऱ्याच्या आशेपुरता माहीत आहे. त्याच्या कलम 3 मध्ये सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कलम 5 मध्ये ग्रामसभेला व हक्कधारकांना पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे उगम सांभाळण्याचा अधिकार दिला आहे. शिवाय लहान जलसाठे आणि पाणी अडवण्याची कामे यांसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने 2009 साली सामूहिक हक्क मिळवून दाखवला. आपल्या मंडळीत अर्ज लिहिणारे, कायदा वाचणारे पुष्कळ आहेत. ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा लिहून देणे हेसुद्धा दान आहे.

मंडळीसाठी वर्षाचे काम

जानेवारी-फेब्रुवारी: वनविभागाच्या जाळरेषेच्या कामात वस्तीतील लोकांना मजुरी मिळावी म्हणून पाठपुरावा. जाळरेषा म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा.

मार्च ते मे: धूर दिसला तर 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर कळवणे. वणवा विझल्यावर आठवड्याच्या आत पाहणी, मग बांध, मोऱ्या, चर. रोजगार हमीतून कामे मिळण्यासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी.

मे अखेर: कोणती घरे घळीच्या तोंडाशी आहेत याची यादी. रात्री कुठे जायचे, म्हाताऱ्यांना कोण नेणार, जनावरांची दावी कोण सोडणार, हे ठरवणे. आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून देणे.

पावसाळ्यात: ओढ्याचे पाणी एकाएकी काळे-गढूळ झाले, काटक्या-लाकडे येऊ लागली, दगड घरंगळल्याचा आवाज आला किंवा भर पावसात प्रवाह अचानक कमी झाला, तर वर कुठेतरी पाणी तुंबले असेल असे समजून लगेच निघावे. ओढ्याच्या काठाने खाली पळू नये. बाजूच्या उंचवट्यावर चढावे.

शास्त्राकडे परत

मत्तयाच्या 7 व्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेल्या दोन घरांवर पाऊस सारखाच पडला, पूर सारखाच आला. फरक पाऊस येण्याआधी, पाया घालताना पडला होता. पुरानंतरची चादर वाईट नाही. ती देत राहू. पण प्रभूचा दृष्टांत आपल्याला पायाच्या दिवसांकडे नेतो.

नहेम्याच्या 3 ऱ्या अध्यायात नावांची लांब यादी आहे म्हणून आपण ती वगळतो. सावकाश वाचा. कोट बांधणाऱ्यांत सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारा आहे, एका अधिकाऱ्याच्या मुली आहेत. बरेच जण आपल्या घरासमोरचाच भाग दुरुस्त करतात. आणि ज्या प्रतिष्ठितांनी खांदा दिला नाही त्यांचीही नोंद आहे. कोणत्या यादीत आपले नाव असावे, हे आपल्याला जूनच्या आधी ठरवायचे आहे.

यंदाही फाल्गुनात आजीच्या वस्तीवर जायचे आहे. तिने निरोप पाठवला आहे: चादरी नकोत, दोन पहारी आणि चार घमेली आणा.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपली मदत संकटानंतरच का पोचते? त्यातील कोणते कारण आपल्या हातात आहे?
2. निर्गम 22:6 वाचा. नकळत झालेल्या हानीची भरपाई आपण कशी करतो?
3. नहेम्याच्या यादीत आपल्या मंडळीतील कोणते कसब बसेल?

प्रार्थनेचे विषय
वणव्याच्या हंगामात डोंगरात फिरणारे वनरक्षक आणि वनमजूर. घळींच्या तोंडाशी राहणारी कुटुंबे. आणि सांगणाऱ्याचे ऐकण्याची नम्रता आपल्याला मिळावी म्हणून.