वाचक कथेत कधी शिरतो

वाचक कथेत शिरतो तो एखाद्या माणसाच्या मागोमाग. नवोदित लेखक मात्र पुष्कळदा आधी गावाचे वर्णन, मग घराण्याचा इतिहास, मग नायकाचा स्वभाव असा क्रम लावतो. घटना सुरू होते तिसऱ्या पानावर, आणि तोवर वाचकाने कथा सोडलेली असते. साभार परत आलेली कथा काही महिन्यांनी पुन्हा वाचली, की हा दोष लिहिणाऱ्याच्याही ध्यानात येतो.

कथेची सुरुवात बदल घडत असताना करावी. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) तरुण मास्तर नेमणुकीच्या गावी पायी निघालेला आहे. माणदेशातली धनगरांची ती वाडी त्याला जितकी नवखी, तितकीच वाचकाला. मास्तरला दिसेल आणि कळेल तेवढेच वाचकाला कळत जाते. त्यामुळे गावाची माहिती कुणी पुरवल्यासारखी वाटत नाही.

पात्राला काय हवे आहे आणि आड काय येते, हे लवकर उमगले पाहिजे. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक दारिद्र्याशी झगडत संसार सावरू पाहते. तिची धडपड आणि तिच्या तोंडची वऱ्हाडी बोली यांमुळे ती परकी राहत नाही.

कथा कोण सांगतो, हेही आधीच ठरवावे. ह. ना. आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली. बाईच्या हालांबद्दल सुधारकाने बोलणे आणि ते हाल सोसणाऱ्या बाईने स्वतः बोलणे यांत मोठा फरक पडतो. निवेदक मध्येच बदलला, तर वाचकाचा धागा तुटतो.

भावनेचे नाव घेण्याऐवजी कृती दाखवावी. 'घरात ओढाताण होती' हे वाक्य वाचून विसरले जाते. महिनाअखेरीला तेलाची रिकामी पिशवी कात्रीने कापून बोटाने निपटणारी बाई लक्षात राहते. असा एक तपशील पुरतो. पाच दिले तर एकही ठसत नाही.

निवेदकाला ठाऊक असलेली गोष्ट केवळ शेवटी धक्का देण्यासाठी दडवली, तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते. याउलट, घरात लग्नाची बोलणी चालू आहेत आणि सावकार त्याच घराकडे निघाला आहे हे वाचकाला आधीच माहीत असेल, तर बोलण्यातला प्रत्येक शब्द तो जीव मुठीत धरून वाचतो.

पहिला खर्डा पुरा झाल्यावर पहिली घटना शोधून तिच्या आधीचा मजकूर काढून ठेवावा. ज्या माहितीवाचून कथा अडते, तेवढीच योग्य जागी परत घ्यावी. मग कथा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी. ती आवडली का, हे विचारू नये, कारण माणसे भिडेखातर हो म्हणतात. लक्ष कुठे उडाले, हे विचारावे आणि त्या जागा निर्दयपणे पुन्हा लिहाव्यात.