गाणे कोणाचे, उत्पन्न कोणाचे?

१८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडली गेली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे महाकोशलातील ज्या गायकाला केवळ कलेवर जगावयाचे असे, त्याची दृष्टी याच मार्गाने सुमारे एक हजार किलोमीटर दूर असलेल्या मुंबईकडे लागलेली असे. गावी राहणाऱ्याला आकाशवाणीचे कार्यक्रम, गणेशोत्सव, लग्नसमारंभ आणि शिकवण्या एवढेच आधार होते. २०१९ साली जबलपूरच्या इशिता विश्वकर्मा यांनी दूरचित्रवाणीवरील ‘सा रे ग म प’ ही गायनस्पर्धा जिंकली; त्यांचीही वाट मुंबईवरूनच गेली.

आता दुसरी एक वाट उपलब्ध झाली आहे. यूट्यूब हा चित्रफितींचा मंच २००५ साली सुरू झाला. २००७ पासून तो जाहिरातींच्या उत्पन्नाचा वाटा चित्रफिती प्रसिद्ध करणाऱ्यांना देऊ लागला आणि २००८ साली त्याची भारतीय आवृत्ती निघाली. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा हा श्रोतृवर्ग खेड्यापाड्यांपर्यंत पसरला. जबलपूरहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग ज्या जळगाव जिल्ह्यातून जातो, तेथील संजू राठोड या तरुणाने स्वतः लिहून गायिलेले ‘गुलाबी साडी’ हे मराठी गीत २०२४ साली देशभर गाजले. चित्रपटाचा आधार नसतानाही असे घडू शकते, एवढे या उदाहरणावरून सिद्ध होते. परंतु अशा एका यशावरून सर्वसाधारण नियम काढता येणार नाही. म्हणून उत्पन्न कसे होते आणि ते कोणाच्या हाती पडते, हे दोन प्रश्न आपण क्रमाने तपासू.

उत्पन्न कसे होते

जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी वाहिनीला किमान १,००० सदस्य असावे लागतात आणि मागील बारा महिन्यांत तिच्या चित्रफिती एकूण ४,००० तास पाहिल्या गेलेल्या असाव्या लागतात. लघुचित्रफितींसाठी वेगळी अट आहे: नव्वद दिवसांत एक कोटी वेळा त्या पाहिल्या जाव्यात. पात्र ठरल्यावर दीर्घ चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील शेकडा ५५ भाग वाहिनीच्या मालकाला मिळतो. लघुचित्रफितींच्या बाबतीत त्याच्या वाट्याला येणाऱ्या रकमेचा शेकडा ४५ भाग मिळतो. साठलेली रक्कम १०० डॉलर होईपर्यंत ती हाती येत नाही.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, जबलपूरमधील एका मराठी संगीतशिक्षिकेने पाच मिनिटांचे एक गीत प्रसिद्ध केले. केवळ त्या गीतावर ४,००० तास भरावयाचे, तर ते ४८,००० वेळा अथपासून इतिपर्यंत ऐकले गेले पाहिजे. उलट तिने अर्ध्या तासाचे हार्मोनियमचे पाठ दिले, तर ८,००० पूर्ण श्रवणांत तेवढेच तास भरतात. शिवाय पाठ ऐकणारा विद्यार्थी पुन्हा पुन्हा परत येतो. २०२३ पासून आणखी एक पायरी ठेवण्यात आली आहे. ५०० सदस्य, नव्वद दिवसांत तीन चित्रफिती आणि वर्षभरात ३,००० तास, अथवा नव्वद दिवसांत लघुचित्रफितींची तीस लाख दर्शने, एवढे झाले की श्रोत्यांकडून थेट वर्गणी वा देणगी घेता येते आणि तिचा शेकडा ७० भाग वाहिनीला मिळतो. थोडे पण निष्ठावंत श्रोते असलेल्या कलावंताला हाच मार्ग अधिक सोयीचा ठरतो.

उत्पन्न कोणाकडे जाते

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. मंच पैसे देतो ते मालकाला. गाणारी व्यक्ती आणि मालक एकच असतील तर प्रश्न उद्भवत नाही. परंतु पुष्कळदा ते एक नसतात. २००७ पासून यूट्यूबवर ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा कार्य करीत आहे. हक्कदारांनी नोंदविलेल्या ध्वनिमुद्रणांशी ती प्रत्येक नव्या चित्रफितीची तुलना करते. साम्य आढळल्यास चित्रफीत रोखावयाची, की तिच्यावरील उत्पन्न आपल्याकडे वळवावयाचे, हे तो हक्कदार ठरवितो.

एका गीतात तीन वेगवेगळ्या वस्तूंचा हक्क सामावलेला असतो: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. आपल्या शिक्षिकेने जबलपूरच्याच सुभद्राकुमारी चौहान यांची ‘झाँसी की रानी’ ही कविता निवडली असे समजू. कवयित्रीचे निधन १९४८ साली झाले. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. म्हणून २००९ च्या आरंभापासून ही कविता सर्वांना खुली आहे. मध्य भारतात आयुष्य घालविलेले मराठी कवी भा. रा. तांबे १९४१ साली निवर्तले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कविताही त्याचप्रमाणे मुक्त आहेत. मात्र तांब्यांच्या काही कवितांना हृदयनाथ मंगेशकर यांनी चाली दिल्या आणि लता मंगेशकर यांनी त्या गायिल्या. त्या चालींवरील व ध्वनिमुद्रणांवरील हक्क अद्याप चालू आहेत. तेव्हा शिक्षिकेने तांब्यांचे शब्द घेऊन स्वतःची चाल बांधली, तर त्या चालीची मालक तीच राहील. प्रसिद्ध चाल उचलली, तर श्रम तिचे आणि उत्पन्न दुसऱ्याचे अशी स्थिती होण्याचा संभव आहे. नर्मदेच्या यात्रेत गायिली जाणारी बंबुलिया, १९०९ साली दिवंगत झालेल्या ईसुरींच्या फागा आणि पावसाळ्यातील आल्हा हा या प्रदेशातील गायकांचा असाच मुक्त ठेवा आहे.

तिसरी वस्तू ध्वनिमुद्रण. येथे अनेक कलावंत फसतात. १९५७ चा प्रताधिकार कायदा ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून निर्मात्याला मानतो. निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रण करविण्यात पुढाकार घेऊन त्याची जबाबदारी पत्करणारा. एखाद्या स्नेह्याने स्टुडिओचे भाडे भरून गीत मुद्रित करविले आणि ते आपल्या वाहिनीवर प्रसिद्ध केले, तर पुढे लाखो लोकांनी ते ऐकले तरी जाहिरातींचा वाटा त्याच्याच खात्यात जमा होतो. ग्रामोफोनच्या काळी एकरकमी मानधन घेऊन परतणाऱ्या गायकांचा अनुभव याहून फारसा निराळा नव्हता.

करार करताना

कायद्याने कलावंताला काही संरक्षण दिले आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द करारात का घातले जातात, हे यावरून कळेल. २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटातील वा ध्वनिमुद्रणातील गीताचा कवी आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा विकत घेता येत नाही. तो केवळ वारसांकडे अथवा प्रताधिकार संस्थेकडेच जाऊ शकतो. १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी हे स्वामित्वधन गोळा करून सभासदांना वाटते. स्वतःची ध्वनिमुद्रणे कंटेंट आयडीत नोंदविण्यासाठी एकट्या कलावंताला सामान्यतः वितरक कंपनीचे साहाय्य घ्यावे लागते. अशा वितरकाला आपला हक्क विकण्याची गरज नसते. ठराविक मुदतीचा परवाना पुरेसा होतो.

जाहिरातींचे उत्पन्न श्रोत्यांच्या लहरीप्रमाणे कमीअधिक होते, आणि केवळ त्यावर घर चालविणे थोड्यांनाच साधते. बहुसंख्य कलावंतांच्या दृष्टीने वाहिनीचा मोठा उपयोग असा की, तिच्यामुळे दूरच्या गावाहून मैफलीचे निमंत्रण येते आणि परगावचा विद्यार्थी शिकवणीस लागतो. ही कामे आज ना उद्या मिळत राहतात. गेलेला हक्क परत मिळविणे मात्र अवघड असते.

म्हणून नव्या कलावंताने कॅमेरा विकत घेण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी. प्रत्येक गीतासाठी तीत एक पान राखावे: शब्द कोणाचे, चाल कोणाची, साथीला कोण होते व त्यांना काय दिले, ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी केला, आणि कोणती परवानगी कोणत्या तारखेस लेखी मिळाली. वाहिनीचे खाते स्वतःच्या नावे उघडावे. जबलपूरच्या घरी बसून गायिलेले गीत कितीही दूर गेले, तरी त्याचे उत्पन्न त्याच घरी परत येण्याची तजवीज या वहीतूनच होते.