विज्ञानकथेतला माणूस

विज्ञानाने उद्या काय घडेल, याची कल्पना करून लिहिलेली गोष्ट म्हणजे विज्ञानकथा. अशी गोष्ट वाचताना आपण यंत्रे न् चमत्कारच बघत बसतो. आम्ही म्हणतो, आधी त्यातला माणूस बघा.

अमेरिकेतील लेखक डॅनियल कीज यांनी १९५९ साली एक कथा छापली. १९६६ साली तिची कादंबरी झाली. कादंबरीतला चार्ली न्यूयॉर्क शहरी बेकरीत काम करतो. वय ३२. बुद्धी कमी, पण शिकायची हौस दांडगी. तो लिहा-वाचायला वर्गाला जातो. सोबतचे कामगार त्याला हसतात. त्याला वाटते, हे आपले दोस्तच!

मग डॉक्टर त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात. तीच आधी अल्जर्नन नावाच्या उंदरावर केलेली असते. चार्ली फार हुशार होतो. आता ते हसणे कसले होते, हे त्याला कळते. हुशार चार्ली कामगारांना नकोसा होतो.

पुढे उंदराची बुद्धी ओसरते, तो मरतो. चार्लीचीही बुद्धी ओसरते. हे सारे तो स्वतःच लिहितो. आधी अक्षरे चुकतात, मग सुधारतात, पुन्हा चुकू लागतात. तरी शेवटी तो लिहितो, परसात पुरलेल्या अल्जर्ननला फुले वाहा.

शस्त्रक्रिया कल्पनेतली, दुःख मात्र खरे. बुद्धी गेली, माया राहिली.

वाचताना स्वतःला विचारा : माणसात काय बदलले? काय तसेच राहिले?

आणि आपल्या वर्गात कोणी अडखळत वाचले, तर आपण हसतो का?