जुन्या मोटारीचा ब्रेकचा तांबडा दिवा

भाजीपाला, दुधाचे कॅन व घरची माणसे तालुक्याच्या गावी नेण्यासाठी जुनी मोटार किंवा जीप बाळगणारे शेतकरी आता पुष्कळ आहेत. अशा गाडीत ब्रेकचा तांबडा दिवा लागला की ब्रेक ऑईल ओतावे, दिवा विझला म्हणजे काम झाले, अशी समजूत सर्रास आढळते. ही समजूत घातक आहे. इंजिनाचे ऑईल थोडेफार जळते. ब्रेकचे ऑईल मात्र बंद नळ्यांत असते व जळून कमी होत नाही. तेव्हा ते कमी झाले असल्यास कोठे गेले, हे आधी शोधले पाहिजे.

प्रथम दिवाच तपासावा. बहुतेक गाड्यांत किल्ली फिरविताच तो क्षणभर लागतो. मुळीच लागत नसेल तर बल्ब गेला असेल, किंवा कोणी काढून टाकला असेल. सततच्या दिव्याचा जाच नको म्हणून बल्ब काढणारे महाभाग आहेत. जुनी गाडी विकत घेताना हे अवश्य पाहावे.

नंतर हातब्रेक पूर्ण खाली करावा. दांडा किंचित हलविताच दिवा लुकलुकत असेल, तर दांड्याखालचा स्विच धुळीने अडकला आहे, असे समजावे. हा दोष किरकोळ होय.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून ऑईलची डबी पाहावी. झाकण उघडण्यापूर्वी ते फडक्याने पुसावे. ऑईल दोन खुणांच्या दरम्यान असूनही दिवा जळत असेल व झाकणावरील तारांची जोडणी काढताच तो विझला, तर आतील तरंगता गोळा बिघडला आहे. ऑईल पुष्कळ दिवसांत थोडेसेच उतरले असेल व चाके कोरडी असतील, तर पॅड किंवा लायनर झिजलेले असण्याचा संभव अधिक. झिजेमुळे पिस्टन पुढे सरकतात व त्यांच्यामागील वाढलेली जागा ऑईल भरून काढते. येथे ऑईल ओतणे म्हणजे झीज झाकून ठेवणे होय. पॅडचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास उरला असल्यास ते बदलावे.

ऑईल भराभर उतरत असेल तर गळती निश्चित. चाकांची आतील बाजू, नळ्यांचे सांधे व पेडलच्या वरील भाग ओला आहे काय, हे बोट लावून पाहावे. बाहेर सर्व कोरडे असले तरी मास्टर सिलिंडरचे मागील रबर फाटून ऑईल बूस्टरमध्ये उतरू शकते. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात राहिल्यास मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे किंवा बाहेर कोठे तरी गळती आहे. पेडल स्पंजासारखे लागल्यास नळ्यांत हवा शिरली आहे. यांपैकी काहीही आढळल्यास गाडी ओढून कारागिराकडे न्यावी. माणसे भरून नेऊ नये.

चालत्या गाडीत दिवा लागून पेडल खोल गेले, तर घाबरू नये. बहुतेक गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असतात. एक गेला तरी दुसरा काही काम देतो, मात्र गाडी थांबण्यास अंतर बरेच लागते. पेडल वरचेवर दाबावे, खालचा गिअर टाकावा, व हातब्रेक बेताबेताने ओढावा.

ऑईल कोणते घालावयाचे ते झाकणावर लिहिलेले असते; सामान्यतः डॉट ३ किंवा डॉट ४. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑईल घरात असते म्हणून तेच ओतण्याचा मोह होतो. त्याने ब्रेकची रबरे फुगतात, आणि मग एकूण एक रबर बदलावे लागते. ब्रेक ऑईल हवेतील ओलही शोषते. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो. ओल शिरलेल्यासाठी हीच मर्यादा १४० अंश धरतात. लांब घाट उतरताना ब्रेक तापले की असे ऑईल उकळते व पेडल पोकळ जाते. म्हणून साधारणपणे दोन वर्षांनी सर्व ऑईल बदलावे व फोडून ठेवलेल्या डब्यातील उरलेले वापरू नये. ते रंगावर सांडल्यास लागलीच पाण्याने धुवावे, नाही तर रंग निघतो.