गोठविलेले वीर्य : अर्ध्या मिनिटाची जबाबदारी

वडोदऱ्याच्या आसपासच्या गावांतील गोठ्यांत आता वळू क्वचितच दिसतो. त्याचे कार्य द्रव नत्रात ठेवलेली एक बारीक कांडी करते. खेडा जिल्ह्यातील बिडज येथील साबरमती आश्रम गोशाळेसारख्या केंद्रांत अशा कांड्या तयार होतात. मानवी वैद्यकात वावरणाऱ्या आपणांसही या तंत्रातून काही शिकण्यासारखे आहे.

या शास्त्राचा पाया एका चुकीतून घातला गेला. १९४९ साली लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स हे संशोधक कोंबड्याच्या शुक्राणूंवर शर्करेचे प्रयोग करीत होते. एका बाटलीतील द्रावाने शुक्राणू गोठूनही जिवंत राहिले. तपासणीअंती त्या बाटलीत शर्करा नसून ग्लिसरॉल असल्याचे आढळले. पुढे हेच तत्त्व वळूच्या वीर्यास लागू झाले आणि १९५३ साली गोठविलेल्या मानवी वीर्यापासून गर्भधारणा झाल्याचीही नोंद झाली.

शुक्राणूचा खरा शत्रू थंडी नव्हे, तर बर्फ होय. गोठण्याचा वेग फार असल्यास पेशीतील पाणी बाहेर पडण्यापूर्वीच आत स्फटिक बनतात. वेग फार कमी असल्यास भोवतालच्या क्षारांची तीव्रता वाढून पेशीस इजा होते. म्हणून अंड्याचा बलक व ग्लिसरॉलयुक्त द्रावात वीर्य विरल करून ते प्रथम सुमारे ४ अंशांपर्यंत हळूहळू थंड करतात, काही तास स्थिरावू देतात आणि मग नत्राच्या वाफेत गोठवितात. पाव मिलिलिटरच्या कांडीत आपल्याकडे साधारणतः २ कोटी शुक्राणू असतात. उणे १९६ अंशांवर ते वर्षानुवर्षे टिकतात.

एवढी काळजी घेऊन जपलेले हे धन बहुधा शेवटच्या अर्ध्या मिनिटात वाया जाते. कांडी शोधताना ती पात्राच्या मानेवर धरून ठेवली, तर उन्हाळ्याच्या हवेत ती काही सेकंदांतच तापू लागते. पुन्हा आत सोडल्याने झालेली हानी भरून येत नाही. वितळविताना ३७ अंशांचे पाणी व ३० सेकंद हा नियम आहे. मुठीत वा खिशात सावकाश वितळविल्यास लहान स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात व पेशीचे आवरण फाटते. बाहेर काढलेली कांडी कोरडी पुसणेही आवश्यक, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंस घातक ठरतो. त्यानंतर विलंब न लावता रेतन करावयाचे असते. वितळलेली कांडी पुन्हा गोठविता येत नाही.

दुर्दैव असे की, जिवंत व मृत शुक्राणूंची कांडी बाहेरून सारखीच दिसते. चूक उघडकीस येते ती सुमारे २१ दिवसांनी, गाय पुन्हा माजावर आल्यावर. तेव्हा ‘गाय उलटली’ असे म्हणून दोष त्या मुक्या जनावरास दिला जातो. दोनच गाई असलेल्या शेतकऱ्यास तो तीन आठवड्यांचा वैरण-खर्च आणि पुढे ढकललेले वेत परवडणारे नसते. काही वेळा असे घडले की चांगली गायही भाकड ठरवून विकली जाते.

आपल्या व्यवसायातही उपचार निष्फळ ठरला की रुग्णाच्या प्रकृतीकडे बोट दाखविणे सोपे असते. लस वा औषध त्याच्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचले, हे आधी तपासावे. थर्मामीटर व घड्याळ ही दोन साधी साधने प्रामाणिकपणे वापरली, तर गोठ्यात काय किंवा दवाखान्यात काय, पुष्कळसे अपयश टळू शकेल.