कुंडीतली मिरची, थेट बियांपासून

आधी बी नीट निवडा. हिरव्या मिरचीतलं बी कच्चं असतं, त्यावर वेळ घालवू नका. झाडावरच पूर्ण लाल होऊन वाळलेल्या मिरचीचं बी घ्या. डब्यातल्या सुक्या मिरचीचंही चालतं, पण मिरची याच हंगामातली आणि न भाजलेली हवी. ठेच्याला लवंगी, रंगाला ब्याडगी, रोजच्या फोडणीला ज्वाला. राहुरी विद्यापीठाची 'फुले ज्योती' झुपक्यांनी लागते, बाल्कनीत देखणी दिसते. पाकिटावर 'संकरित' लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी पुढच्या वर्षी धरू नका. मूळ गुण तसेच उतरत नाहीत.

पेरणी मे अखेर ते जूनमध्ये किंवा जानेवारी-फेब्रुवारीत करावी. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. ट्रेमध्ये किंवा तळाला भोकं पाडलेल्या दह्याच्या डब्यांत निम्मं कोकोपीट, निम्मं चाळलेलं गांडूळखत भरा. अर्धा सेंटीमीटर खोल बी टाकून वर भुरभुर माती पसरा. ऊब मिळाली तर आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो, थंडीत तीन आठवडेही लागतात. उकरून पाहू नका. आधी वाकडी मान वर येते, टोकावर बियांचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते ओढून काढू नका, पाण्याचा हलका फवारा द्या, आपोआप सुटतं.

बहुतेक रोपं या टप्प्यावर जातात आणि त्याला कारण जास्तीचं पाणी. माती सतत ओली राहिली की खोड जमिनीलगत बारीक होऊन रोप कोलमडतं. मग काहीच करता येत नाही. म्हणून वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका आणि उगवल्या दिवसापासून रोपांना सकाळचं ऊन दाखवा.

पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर उंच झालं की संध्याकाळी मुळाच्या मातीसकट दहा-बारा इंची कुंडीत लावा. एका कुंडीत एकच रोप. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. पाच-सहा तास ऊन हवंच.

पुढचा शत्रू बोकड्या, म्हणजे चुरडा-मुरडा. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी दिसली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी. पान उलटवून भिंगातून पाहा, खात्री होते. आठवड्याने पाच टक्के निंबोळी अर्क, पानांच्या खालच्या बाजूने, ऊन उतरल्यावर फवारा. शेंडे आखडून पानं बारीक, पिवळट आली तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. ते झाड उपटून टाका, शेजारच्या कुंड्या वाचतील.

कडक उन्हाळ्यात फुलं गळतात. दुपारी सावली आणि नियमित पाणी द्या. नत्राचं खत मात्र नको, त्याने पानंच माजतात.

लावणीनंतर साधारण दोन महिन्यांत पहिली तोडणी येते. मिरच्या हिरव्याच, देठासकट खुडत राहा. झाड नव्याने फुलत जातं. बियांसाठी सगळ्यात निरोगी झाडावरच्या दोन-तीनच मिरच्या राखा. बी काढताना हातमोजे घाला, कारण तिखटपणा बियांत नव्हे, त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत असतो आणि तोच बोटांना लागतो.